सहाव्या मजल्यावर घरटं टांगलं, चिमणी काही आली नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. पुण्यात वाकडला सहाव्या मजल्यावर घर, गॅलरी पश्चिमेला. गेल्या 20 मार्चला, चिमणी दिनाचं निमित्त साधून, ऑनलाइन मागवलेली दोन लाकडी घरटी आणि एक दाण्याचा फीडर टांगलात. आता नोव्हेंबर आला. चिमणी एकही नाही, कबुतरं मात्र वीस-बावीस, आणि घरात सासूबाईंना दमा. तुम्ही विचारताय की यापेक्षा चांगलं घरटं कुठलं घ्यावं आणि दाणे कुठले घालावेत.

नवं घरटं घेऊ नका. पंगत तुम्ही मांडलीत, पण आमंत्रण कुणाला ते ठरवलं नव्हतं. मग जो सगळ्यात धीट, तो येऊन पाटावर बसला. खरा प्रश्न असा आहे की तुमच्या इमारतीच्या आसपास कोणते पक्षी आधीपासून राहतात आणि त्यांना नेमकं काय कमी पडतंय. ते कळलं की घरटं लागतं की नाही, हेही कळेल.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. पिंपरीतल्या एका फाउंड्रीत मी पॅटर्न मेकर होतो, सगळी नोकरी लाकडात गेली. गेली वीसेक वर्षं घरटी करतोय, तीनशेच्या वर झाली असतील. त्यातली निम्मी तरी रिकामी राहिली. जे काही शिकलो ते त्या रिकाम्या घरट्यांकडून. म्हणून खाली जे लिहितोय ते अनुभवाचं आहे, पण मजला, दिशा आणि शेजार बदलला की उत्तरही बदलतं, एवढं धरून वाचा.

पहिलं काम फुकटचं आहे. उद्या सकाळी सात-साडेसातला खाली उतरा आणि मोबाइल खिशात ठेवून सोसायटीभोवती एक चक्कर मारा. किराणा दुकान जिथे पोती उघडी असतात, पिठाची गिरणी, एखादा गोठा, नर्सरी, बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, वाकड गावठाणातली जुनी घरं. या ठिकाणी थांबून ऐका. चिमणी असेल तर गप्प बसणार नाही. ती आपली वस्ती सोडून फार लांब जात नाही, काहीशे मीटरच्या परिघात तिचा संसार चालतो. त्या परिघात चिवचिवाट ऐकू आला तर तुमच्या घरट्याला आशा आहे. नाही आला, तर तुम्ही सागवानाचा बंगला बांधलात तरी मंडईतली चिमणी वाकडला राहायला येणार नाही.

माझं लहानपण कसबा पेठेतल्या वाड्यात गेलं. जेवणाच्या खोलीत आजोबांचा फोटो भिंतीला तिरपा टांगलेला होता आणि त्याच्या मागे दर उन्हाळ्यात घरटं. काड्या ताटात पडायच्या. आजी कुरकुर करायची, पण पिल्लं उडेपर्यंत पंखा लावू द्यायची नाही. त्या वाड्यात चिमणीला जागेचा तोटाच नव्हता. तुळईच्या फटी होत्या, कौलांखालची पोकळी होती, विजेच्या मीटरच्या पेटीमागचा कोपरा होता. आता आपण गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतींत राहतो. त्यात बोट जाईल एवढी फट नाही. लाकडी घरटं म्हणजे त्या हरवलेल्या फटीची भरपाई, बाकी काही नाही. पण वाड्यात फटीबरोबर अंगणही होतं, परसात शेवगा होता, कोपऱ्यात निवडलेल्या धान्याची माती होती आणि सगळीकडे किडे होते. ती भरपाई घरट्यातून होत नाही.

इथेच बहुतेकांची गफलत होते. चिमणी स्वतः दाणे खाते, म्हणून आपण दाणे घालतो. पण पिल्लांना ती पहिले काही दिवस अळ्या आणि मऊ किडे भरवते. कोरड्या दाण्यावर कोवळं पिल्लू वाढत नाही. सोसायटीचा माळी दर पंधरा दिवसांनी कीटकनाशक फवारत असेल, तर फीडर कितीही भरलेला असो, पिल्लांच्या ताटात काही पडत नाही. एका सोसायटीनं माझ्याकडून चाळीस घरटी करून घेतली होती. फुलं, भाषणं, फोटो सगळं झालं. दोन वर्षांनी पाहिलं तर चारांत मुंग्या, एकात गांधीलमाशा, बाकी मोकळी. खाली हिरवीगार लॉन होती, कडेला शोभेची पामची झाडं, आणि महिन्यातून दोनदा फवारणी. त्यांना दोष देत नाही. घरटी मीच विकली होती आणि हा प्रश्न मीही तेव्हा विचारला नव्हता.

आता तुमच्याकडे आहेत त्या घरट्यांची तपासणी करू. भोकाचा व्यास सव्वा इंच, म्हणजे 32 मिलिमीटर हवा. मोजपट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या. ते 27 मिलिमीटरचं असतं. नाणं आत जाऊन थोडी फट उरली की भोक चिमणीचं आहे. भोक दोन इंचांच्या आसपास असेल तर ते साळुंकीला सोयीचं, आणि साळुंकी एकदा आली की चिमणीला उभं करत नाही. बाहेर बसायला दांडी लावलेली असेल तर कापून टाका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र तिथे बसून आत चोच घालता येते. आतून जागा साधारण पाच इंच लांब-रुंद पुरते. भोकापासून तळ निदान पाच इंच खाली हवा, नाहीतर पिल्लं बाहेर डोकावताना पडतात किंवा बाहेरून ओढली जातात. तळाला पाणी निचरायला चार बारीक छिद्रं आणि छपराखाली हवेला दोन. आतली पुढची फळी खरखरीत हवी, पिल्लांना नख्या रोवून चढता आलं पाहिजे. ती गुळगुळीत असेल तर पटाशीनं किंवा साध्या सुरीनं आडव्या खाचा पाडा. आतून रंग, वॉर्निश काही नको. बाहेरून अळशीच्या तेलाचा हात फिरवला की पुरे. आणि एक बाजू उघडता आली पाहिजे, साफसफाईसाठी.

पुठ्ठ्याची, प्लास्टिकची आणि पीव्हीसी पाइपची घरटी मी कुणालाच सुचवत नाही, एप्रिलमध्ये ती भट्टी होतात. स्वतः करायचं असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकडाचे तुकडे मिळतात, पाऊण इंच जाडीची फळी घ्या. पॅकिंगच्या खोक्याची पाइनची फळीही चालते. फक्त त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेनं तापवून घेतलेलं असतं, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते सोडा.

दिशा हा तुमच्या बाबतीतला सगळ्यात अवघड मुद्दा. तुमची गॅलरी पश्चिमेला. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळपर्यंत राहतं. जूननंतर पावसाची झोडही नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडूनच. माझं दुसरं की तिसरं घरटं मी कर्वेनगरला बहिणीकडे असंच पश्चिमेला लावलं होतं, वर पत्र्याचं छप्पर, दिसायला देखणं. चिमण्यांनी ते स्वीकारलंही. एप्रिलच्या शेवटी बहिणीचा फोन आला की आवाज थांबलाय. उघडलं तर तीन पिल्लं आत वाळून गेलेली. बाहेरून पत्र्याला हात लावला तर बोट ठेववेना. तेव्हापासून घरट्याचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, वर स्लॅबची किंवा छज्जाची सावली, आणि पत्रा बंद. म्हणून तुमच्या पश्चिमेच्या गॅलरीत घरटं नकोच. चिमणी आली नाही हे एका अर्थी बरंच झालं.

आणि वेळ. चिमणी दिन 20 मार्चला असतो, त्यामुळे घरटी मार्चमध्ये खपतात. पण आपल्याकडे थंडी ओसरायला लागली की नर जागा हेरायला सुरुवात करतो, मार्च उजाडेपर्यंत बऱ्याच जोड्यांचं ठरलेलं असतं. घरटं संक्रांतीच्या आत लागलेलं बरं. आता नोव्हेंबर आहे, तुम्ही अजिबात उशीर केलेला नाही.

आता कबुतरं, म्हणजे पारवे. दम्याचा माणूस घरात आहे म्हटल्यावर हा भाग मी वर घ्यायला हवा होता. दाणे आजपासून बंद. कमी करणं नाही, बंद. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो, तो चिवट असतो. 2025 मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जे रामायण झालं ते तुम्ही वाचलं असेलच, त्याच्या मुळाशी हीच काळजी होती. सासूबाईंच्या डॉक्टरांना घरी कबुतरं आहेत हे आवर्जून सांगा. गॅलरी कोरडी झाडू नका. आधी पाणी मारून विष्ठा भिजवा, तोंडाला मास्क लावा, मग पुसून काढा. हे काम सासूबाई घरात दुसऱ्या खोलीत, दार बंद करून असताना करा.

दाणे बंद केल्यावर कबुतरं लगेच जात नाहीत. दोन-तीन आठवडे कठड्यावर बसून तुमच्याकडे बघत राहतील, तेव्हा मन घट्ट करावं लागतं. मध्येच एक दिवस मूठभर टाकले की पहिल्यापासून सुरुवात. कबुतर वर्षातून अनेक वेळा अंडी घालतं, एका वेळी दोन. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे अंडी किंवा पिल्लं दिसली तर फेकू नका. अंडी उबायला अडीच आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी महिनाभर, एवढं थांबा, मग ती जागा जाळीनं बंद करा. गॅलरीला जाळी लावायची असेल तर ताणून लावा. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. ताणलेल्या दोन इंची जाळीतून सूर्यपक्षी आरपार ये-जा करतो, मी रोज बघतो. कबुतर मात्र बाहेर राहतं.

पुढे कधी, कबुतरं पूर्ण गेल्यावर, फीडर लावावासा वाटला तर दीड इंचाच्या चौकोनी जाळीचा पिंजरा करून त्याच्या आत दाण्याची वाटी ठेवा. चिमणी आणि मुनिया आत जातात, साळुंकी आणि कबुतर जात नाहीत. बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी, सकाळी एक मूठ. तासाभरात संपेल एवढंच, उरलेलं संध्याकाळच्या आत उचलायचं, नाहीतर रात्री उंदीर-घुशींची पंगत. ओला झालेला दाणा टाकून द्या, त्यावर बुरशी धरते. फरसाण, बिस्किटं, पाव, शिळा भात नको. साखरेच्या पाण्याच्या बाटल्याही नको, आपल्या हवेत ते आंबतं. पण खरं सांगू, तुमच्या जागी मी असतो तर फीडरच्या वाटेला गेलोच नसतो.

कारण सहाव्या मजल्यावर तुमच्याकडे येऊ शकणारे पाहुणे वेगळे आहेत. बुलबुल, सूर्यपक्षी, कधी शिंपी. यातला एकही पक्षी लाकडी पेटीत घरटं करत नाही. लाख रुपयांची पेटी आणलीत तरी नाही. बुलबुल झुडपाच्या बेचक्यात वाटीसारखं घरटं विणतो, शिंपी पानं शिवतो, सूर्यपक्षी कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेला पिशवीसारखा लोंबता खोपा करतो, कधीकधी चक्क कपड्यांच्या दोरीवर. यांना पेटी नको, झाडं हवीत. आणि हो, गॅलरीच्या कोपऱ्यातली एखाद-दोन कोळिष्टकं राहू द्या. सूर्यपक्ष्याला तो दोरा लागतो. घरातल्यांना सांगायचं कसं हा तुमचा प्रश्न, माझ्या घरी अजून वाद चालू आहे.

पश्चिमेचं ऊन झाडांना उलट मानवतं. मोठ्या कुंड्या घ्या, निदान दीड फुटाच्या. हमेलिया लावा, वर्षातले बरेच महिने फुलतो आणि सूर्यपक्षी त्याच्यावर जीव टाकतात. जास्वंद, रुग्मिणी. एक कढीपत्ता आणि एक कागदी लिंबू. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल खातो. या दोन्ही झाडांवर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या होतात. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या होतात. त्या दिसल्या की लोक फवारा उचलतात. थांबा. चार पानं जातील, पण तीच तुमची खरी पंगत. अळ्या आल्या की शिंपी येईल, कुंभारीण माशी येईल आणि कठड्यावर मातीचं मडकं घडवून त्यात अळ्या भरून ठेवेल, एखादा सरडाही वाट काढत येईल. आमच्या घरी दोन वर्षांनी खार आली. तिनं पहिल्याच आठवड्यात पायपुसण्याचा कापूस पळवला.

पाणी मात्र नक्की ठेवा. पसरट मातीची परळ, दोन इंचांपेक्षा खोल नाही, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्याला आणि मधमाशीला पाय टेकता येतो. ठेवा सावलीत. पाणी रोज बदला आणि काठ घासा. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या काठाला चिकटवतो, नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात. रोजचा हा नेम जमणार नसेल तर परळ ठेवू नका, पावसाळ्यात तर अजिबात नको. पाण्यावर कबुतरंही येतील. म्हणून दाणे बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे परळ ठेवू नका, दाण्याची सवय मोडली की मांडा.

घरटं झाल्यावरचं एक-दोन वाक्यांत. बुलबुलानं कुंडीत अंडी घातली तर पंधरवड्यात पिल्लं, आणि पुढच्या पंधरवड्यात रिकामं घरटं. तेवढे दिवस त्या कुंडीला पाणी कडेनं घाला, छाटणी करू नका, आणि मुलांना रोज फांदी वाकवून फोटो काढू देऊ नका. आपण जिथे वाकतो तिथे कावळा बघत असतो. पिसं फुटलेलं पिल्लू खाली बसलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजराच्या तोंडी जाईल अशी जागा असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. जखमी असेल तर मात्र घरी दूध-पोळी भरवत बसू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. पिल्लू गोड आहे म्हणून पिंजऱ्यात ठेवणं तर सोडाच. आपल्याकडचे पोपट आणि मुनियासुद्धा पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

म्हणजे तुमच्यापुरतं असं: दाणे बंद, थोड्या दिवसांनी पाणी, या हिवाळ्यात पाच-सहा कुंड्या, आणि गॅलरीतली दोन्ही घरटी खाली उतरवायची.

उतरवलेली घरटी कुठे लावायची, तर सकाळच्या चकरेत जिथे चिवचिवाट ऐकला तिथे. बऱ्याच सोसायट्यांत ती जागा फाटकाजवळ असते, कारण वॉचमनच्या खोलीबाहेर डबा उघडला जातो, शेजारी चहाची टपरी असते, झाडाखाली थोडी उघडी माती असते. चिमणी त्या मातीत धूळस्नान करते. त्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीवर, छज्जाखाली, नऊ-दहा फुटांवर दोन्ही घरटी दोन-तीन फुटांच्या अंतरानं लावा. चिमण्यांना शेजार आवडतो, एकुलतं एक घरटं त्यांना संशयास्पद वाटतं. तार गुंडाळून लोंबकळत ठेवू नका, दोन स्क्रूंनी भिंतीला पक्कं करा. कमिटीची परवानगी लागेल. त्याआधी मात्र वॉचमन काकांना विचारा. घरट्यात काय चाललंय हे रोज तेच बघणार आहेत, आणि चिमणी काडी घेऊन आली की तुम्हाला सहाव्या मजल्यावर इंटरकॉमही तेच करतील.